शून्य टक्क्यांचं व्याज कोण भरतं?

दसऱ्याच्या आठवडाभर आधी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा. फ्रिजच्या दारावर दोन स्टिकर दिसतात. एकावर विजेच्या बचतीचे तारे, दुसऱ्यावर ‘नो कॉस्ट ईएमआय, ३,००० × १२’. ताऱ्यांबद्दल दुकानदाराला आपण चार प्रश्न विचारतो, आणि दुसरा स्टिकर वाचून मान डोलावतो. वास्तविक थक्क व्हावं ते तिथेच. उसन्या पैशावर देणारा काही ना काही घेतोच, हे आपल्याकडे सावकारांनी पिढ्यानपिढ्या पक्कं शिकवलंय. आणि इथे काउंटरवरचा फायनान्सवाला मुलगा आधार-पॅन बघतो, मोबाइलवरचा ओटीपी विचारतो, आणि चहा संपायच्या आत ३६,००० रुपयांचा फ्रिज आपला होतो. वर्षभरात परत द्यायचे तेही ३६,०००च. हे परवडतं कसं?

उत्तर कळलं की हसू येतं. फायनान्स कंपनी ३६,००० देतच नाही.

समजा तिला वर्षाला १५ टक्के दराने व्याज हवंय, म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. दरमहा ३,०००चे बारा हप्ते या दराने फिटतील असं कर्ज किती रुपयांचं? हिशेब केला तर ३३,२३८. कंपनी विकणाऱ्याच्या बाजूला तेवढेच देते. उरलेले २,७६२ रुपये फ्रिज बनवणारी कंपनी सोसते, कधी त्यातला थोडा भार दुकानदारही उचलतो. धंद्यात याला ‘सबव्हेन्शन’ म्हणतात. म्हणजे व्याज आहे, पुरेपूर १५ टक्के आहे, फक्त ते तुमच्याऐवजी फ्रिजवाला भरतोय. आणि फ्रिजवाल्याकडे पैसे येतात ते फ्रिजच्या किमतीतूनच.

क्रेडिट कार्डावर घेतलं तर हे सगळं लपवलेलंही नसतं. बहुतेक वेळा स्टेटमेंटमध्ये ते ओळीने मांडलेलं असतं: सवलत २,७६२, कर्ज ३३,२३८, पहिल्या हप्त्यात व्याज ४१५, शेवटच्या हप्त्यात जेमतेम ३७. आणि त्याखाली एक गंमत असते. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. सवलत मिळाली ती व्याजाइतकी, त्यावरच्या कराचं कोणीच काही बोललेलं नसतं. २,७६२ वर १८ टक्के म्हणजे ४९७ रुपये, ते तुमचे. वर प्रोसेसिंग फी असेल तर ती, आणि तिच्यावरचा जीएसटी. हेच कर्ज कार्डाऐवजी फायनान्स कंपनीकडून घेतलं तर व्याजावर जीएसटी नाही, फीवर मात्र आहे. एकाच फ्रिजची एकाच दुकानात अशी दोन वेगळी शून्यं असू शकतात.

रिझर्व्ह बँकेला ही शून्यं फारशी आवडलेली नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने बँकांना स्पष्ट सांगितलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. प्रोसेसिंग फीच्या नावाखाली व्याज झाकू नका. रिझर्व्ह बँकेच्या कागदांत असं रोखठोक वाक्य क्वचितच सापडतं.

आता जरा खोलात. आपण म्हणतो, ‘वर्षभरासाठी ३६,००० बिनव्याजी वापरले.’ वापरले नाहीत. पहिले ३,००० तुमच्याकडे एकच महिना राहिले, दुसरे दोन महिने, शेवटचे बारा. सरासरी काढली तर साडेसहा महिने. म्हणूनच वर्षाला १५ टक्के असूनही फ्रिज कंपनीचा खर्च मूळ किमतीच्या आठ टक्क्यांच्याही आत राहतो. आणि म्हणूनच दुकानात ‘बारा-चार’ नावाची स्कीम असते: बारा हप्ते, त्यातले चार आजच काउंटरवर. ग्राहकाला वाटतं, तेच तर आहे, थोडं डाउन पेमेंट. पण १२,००० जागेवरच दिल्यावर उसने उरले २४,००० आणि तेही आठ महिन्यांत फिटणार. व्याजाचा बोजा २,७६२ वरून १,२९६ वर येतो, अर्ध्याहून कमी. एखाद्या मॉडेलवर बारा-शून्य मिळतं आणि शेजारच्यावर बारा-चारच, याचं कारण बहुधा एवढंच, की कोणत्या फ्रिजसाठी किती सोसायचं हे बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

मग तो सरळ अडीच हजारांनी किंमतच कमी का करत नाही? मला यातला हा भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो. किंमत एकदा उतरवली की ती सगळ्यांसाठी उतरते, बाजारात बातमी होते, दिवाळीनंतर पुन्हा चढवणं जड जातं. हप्त्यातून दिलेली सवलत दिसत नाही, एमआरपीची अब्रू शाबूत राहते. शिवाय २६,०००चा फ्रिज बघायला आलेलं कुटुंब ‘महिन्याला आठशे-साडेआठशेच जास्त’ ऐकून दोन दारांच्या ३६,०००च्या फ्रिजपाशी सरकतं. फायनान्स कंपनीला वेगळाच लाभ होतो: हप्ते वेळेवर भरणारा एक माणूस तिला ओळखीचा होतो. पुढे पर्सनल लोनचे फोन येतात ते उगाच नाहीत.

ग्राहकाची बाजू अर्थात इतकी भोळी नाही. रोख पैसे मोजणाऱ्याला दुकानदार पाच टक्के सोडत असेल तर फ्रिजची खरी किंमत ३४,२००. मग ३,००० × १२ देणारा माणूस १,८०० रुपये व्याज भरतोय, आणि साडेसहा महिन्यांच्या हिशेबाने त्याचा दर वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या वर जातो. रोखीवर एक रुपयाही सुटत नसेल, तर मात्र बिनव्याजी हप्ता नाकारणारा माणूस दुसऱ्याने भरलेलं व्याज तिथेच सोडून येतो. तेव्हा सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: कॅशने घेतलं तर कितीला द्याल? हा प्रश्न फायनान्सवाल्या मुलाच्या टेबलापाशी जायच्या आधी विचारायचा असतो, नंतर विचारून काही उपयोग होत नाही.

तर मग खरंखुरं बिनव्याजी कर्ज जगात नाहीच? आहे. आपल्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर असेल, दर महिन्याच्या पाच तारखेला, पोह्यांसकट. भिशी.

आकडे तेच ठेवू. बारा बायका, प्रत्येकीचे महिन्याला ३,०००. दर महिन्याला ३६,००० जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला मिळतात. पहिल्याच महिन्यात नाव निघालं तिने फ्रिज आणला. तिने स्वतःचे ३,००० घातलेत, बाकीचे ३३,००० मैत्रिणींचे, आणि ते ती पुढच्या अकरा महिन्यांत फेडणार. फॉर्म नाही, सिबिल नाही, फी नाही. आणि व्याज? सव्वा टक्क्याने धरलं तर तिचं साधारण २,४७५ रुपये व्याज वाचलं. ते भरलं कोणी? बाराव्या नंबरच्या बाईने. तिचे पैसे वर्षभर इतरांच्या स्वयंपाकघरात होते आणि तिला तेवढेच परत मिळाले. मधल्या दहाजणी कमी-अधिक दोन्हीकडे. पूर्ण भिशीचा हिशेब शून्य. दुकानातलं शून्य मांडलेलं असतं, हे आपोआप जुळतं.

पण थक्क करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. समजा यातली प्रत्येक बाई एकटीच डब्यात ३,००० टाकत राहिली असती. बाराही जणींचे फ्रिज बाराव्या महिन्यात आले असते. भिशीत पहिली पहिल्या महिन्यात घेते, दुसरी दुसऱ्या, शेवटची बाराव्या. सरासरी वाट पाहणं साडेसहा महिने. अकराजणींना फ्रिज लवकर मिळाला आणि बारावीलाही एकटीने साठवण्यापेक्षा उशीर झाला नाही. बाहेरून एक पैसा आला नाही, कोणी जास्तीचं कमावलं नाही. बारा डब्यांत निजून राहणारा पैसा एकाच डब्यात फिरता ठेवला, एवढंच. टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त अशा फिरत्या गटांचं सविस्तर गणित मांडलं, आणि त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने आशिया-आफ्रिकेतल्या अशा गटांवर लिहिलं होतं. आपल्याकडच्या बायकांना मात्र यातलं काही वाचायची गरज पडली नाही.

भिशीची जोखीमही उघड आहे. पहिल्या महिन्यात पैसे उचलणारी तिसऱ्या महिन्यात घर बदलून गेली तर तारण म्हणून काहीच नाही, फक्त ओळख. त्यामुळे नव्या बाईला बहुतेक भिशांत शेवटचे नंबर देतात. बँकेच्या भाषेत ही क्रेडिट हिस्टरीच झाली, फक्त ती एका वहीत आणि चार-पाच डोक्यांत असते.

आणि सगळ्यांनाच पैसे आधी हवे असतील तर चिठ्ठीऐवजी बोली लागते. ही लिलाव भिशी. धंदा म्हणून चालणाऱ्या अशा चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे. मुलीची फी भरायची असलेली बाई म्हणते, ३६,००० पैकी मला ३३,५०० द्या, चालेल. उरलेले २,५०० बाकीच्यांत वाटले जातात. व्याज परत आलं. फक्त इथे ते एमआरपीत दडलेलं नाही. ते खोलीतल्या बाराजणींसमोर मोठ्याने बोललं जातं, आणि पुढच्या महिन्यात कोणाला तितकी निकड नसेल तर ते हजारावरही उतरतं.