आयकराचे विवरणपत्र : सॉफ्टवेअरवर स्वतः भरावे की सल्लागाराकडून भरून घ्यावे?

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही, हे बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. त्यावरून आयकराच्या विवरणपत्राशी, म्हणजे ज्यास लोक रिटर्न म्हणतात त्याच्याशी, आपला काहीच संबंध नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ झालेला दिसतो. हा समज दहिसरसारख्या भागात विशेष नुकसानकारक आहे. दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. तेव्हापासून शहर शेताच्या बांधापर्यंत आले आणि एकाच कुटुंबात अनेक प्रकारची उत्पन्ने येऊ लागली. थोडी भाजीची वाडी, एक गोठा, मुलाची नोकरी, चाळीतील दोन खोल्यांचे भाडे आणि कधी विकलेला अथवा सरकारने संपादित केलेला जमिनीचा तुकडा, असे आज पुष्कळ घरांचे चित्र आहे. अशा घरातील ज्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तिला विवरणपत्र भरावेच लागते.

ते भरण्याचे दोन मार्ग आहेत. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील सॉफ्टवेअरने ते स्वतः विनामूल्य भरता येते. खाजगी कंपन्यांचीही अशी सॉफ्टवेअर मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे सीए किंवा कर सल्लागार यांच्याकडून फी देऊन ते भरून घेणे. यांपैकी कोणता मार्ग धरावा, हे उत्पन्न किती आहे यावरून ठरवू नये. ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरवावे.

प्रथम उत्पन्नाची विभागणी करावी

सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकी बिनचूक करते. परंतु आपण भरलेला आकडा शेतीचा आहे की नाही, हे त्यास कळत नाही. ती निवड भरणाऱ्यासच करावी लागते. म्हणून पुढील भेद ध्यानात ठेवावेत.

भात, भाजीपाला, फळे, फुले यांचे उत्पन्न आणि शेतीसाठी दिलेल्या जमिनीचा खंड हे शेती उत्पन्न होय. रोपवाटिकेत वाढविलेल्या रोपांच्या व कलमांच्या विक्रीचे उत्पन्नही कायद्याने शेती उत्पन्न मानले आहे. याउलट दुधाचा धंदा, कोंबडीपालन व मत्स्यव्यवसाय यांचे उत्पन्न शेतकऱ्याने मिळविले तरी ते शेती उत्पन्न नव्हे. ते धंद्याचे उत्पन्न होय. समुद्राचे पाणी घेऊन पिकविलेल्या मिठागराच्या मिठासही हाच नियम लागू आहे. गोठ्याचे उत्पन्न शेतीच्या रकान्यात भरणे ही चूक असून पुढे ती महाग पडते.

करमुक्त उत्पन्नही का दाखवावे

शेती उत्पन्नावर कर नसला तरी ते विवरणपत्रात दाखवावे लागते. ज्याचे निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक आहे आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुढे आहे, त्याचा कर काढताना दोन्ही उत्पन्ने एकत्र धरून दर ठरविला जातो. ही पद्धत १९७३ पासून चालू आहे.

एक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका व्यक्तीचे सर्व वजावटी जाऊन पगाराचे करपात्र उत्पन्न १४ लाख रुपये व निव्वळ शेती उत्पन्न ३ लाख रुपये आहे, असे समजा. नव्या कररचनेत दोहोंची बेरीज १७ लाख होते. त्यावरील कर १,४०,००० रुपये. यातून ४ लाखांची करमुक्त मर्यादा अधिक शेतीचे ३ लाख, म्हणजे ७ लाखांवरील १५,००० रुपये कर वजा करावयाचा. उरले १,२५,००० रुपये. ४ टक्के उपकर धरून देणे १,३०,००० रुपये. शेतीचा रकाना रिकामा ठेवला, तर सॉफ्टवेअर केवळ १४ लाखांवर ९३,६०० रुपये कर दाखवील. फरक ३६,४०० रुपयांचा पडतो. रकाना भरला असता तर हाच हिशेब सॉफ्टवेअरने आपोआप केला असता. पुढे विभागाच्या ध्यानात आल्यास हा फरक व्याजासह भरावा लागतो. शिवाय उत्पन्न कमी दाखविल्याबद्दल बुडालेल्या कराच्या ५० टक्के, आणि ते खोटे दाखविले असे ठरल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो.

स्वतः केव्हा भरावे

पगार किंवा निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज व एका घराचे उत्पन्न एवढेच असेल, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल आणि शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल, तर ‘सहज’ नावाचा पहिला नमुना पुरतो. त्यातील बरीच माहिती संकेतस्थळावर अगोदरच भरलेली असते. शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल व धंदा नसेल, तर दुसरा नमुना घ्यावा. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांवर असल्यास त्यात जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरांत, जमीन स्वतःची की खंडाची आणि बागायत की जिरायत, हेही लिहावे लागते. सातबारा जवळ असेल तर यात अवघड काही नाही. घरातील शिकलेल्या मुलाने अथवा मुलीने एक संध्याकाळ दिली तर हे काम फीशिवाय होते.

भरण्यापूर्वी संकेतस्थळावरील ‘वार्षिक माहिती विवरण’ अवश्य उघडून पाहावे. बँकेचे व्याज, कापला गेलेला कर, जमिनीचे व्यवहार इत्यादींची जी माहिती विभागाकडे पोहोचलेली असते, ती त्यात दिसते. आपले आकडे व ते आकडे यांत फरक असेल, तर त्याचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सल्लागार केव्हा गाठावा

गोठ्याचा किंवा अन्य धंदा असून शेती उत्पन्नही ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर छोट्या धंद्यासाठीचा ‘सुगम’ नमुना चालत नाही. तिसरा नमुना भरावा लागतो. तो किचकट असल्याने जाणकाराचे साहाय्य घेणे हिताचे.

जमिनीचा व्यवहार झाला असेल, तर सल्लागाराची फी वाचविण्याचा विचारही करू नये. खेड्यातील शेतजमीन विकल्यास तिच्या नफ्यावर आयकर नाही. परंतु दहिसर महानगरपालिकेच्या हद्दीत असल्यामुळे येथील शेतजमिनीस ही सवलत नाही. हद्दीबाहेरील शेतकऱ्यांनीही सावध असावे. नगरपालिका किंवा महानगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंत असल्यास तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाखाहून अधिक व १० लाखांपर्यंत असल्यास ६ किलोमीटर आणि १० लाखांहून अधिक असल्यास ८ किलोमीटर अंतरातील शेतजमीनही शहरी धरली जाते. हे अंतर रस्त्याने न मोजता सरळ रेषेत मोजतात.

अशा जमिनीच्या विक्रीत तीन गोष्टी जाणकारानेच पाहाव्या लागतात. पहिली किमतीची : वडिलोपार्जित जमीन असल्यास १ एप्रिल २००१ रोजीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, ती मूल्यांककाकडून काढून घेणे इष्ट. दुसरी दराची : २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेली जमीन त्यानंतर विकली, तर १२.५ टक्के कर, किंवा महागाईचा निर्देशांक धरून २० टक्के, यांपैकी ज्यात कर कमी तो हिशेब निवासी व्यक्तीस घेता येतो. तिसरी सवलतीची : विक्रीपूर्वी दोन वर्षे आपण किंवा आपले आईवडील ती जमीन कसत असतील आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्या प्रमाणात नफ्यावर कर लागत नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन घेणे झाले नसेल, तर ती रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. ही तारीख चुकली की सवलत गेली.

सक्तीच्या भूसंपादनाची गोष्ट निराळी. शहरी शेतजमीन असली तरी आधीची दोन वर्षे ती कसली जात असल्यास व्यक्तीस मिळणारा मोबदला करमुक्त असतो. मात्र वाढीव मोबदल्यावर मिळणारे व्याज करपात्र असून त्यातील निम्म्याची वजावट मिळते. मोबदला व व्याज एकाच धनादेशाने आले, तर पुष्कळ जण दोन्ही करमुक्त समजतात किंवा दोन्हींवर कर भरून मोकळे होतात.

सल्लागाराशी व्यवहार कसा ठेवावा

विवरणपत्र कोणीही तयार केले, तरी त्यातील मजकुराची जबाबदारी करदात्याचीच असते. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशात अनेक ठिकाणी तपासण्या केल्या. तेव्हा कमिशन घेऊन खोट्या वजावटी दाखविणारे मध्यस्थ आढळून आले. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. फी आधी ठरवावी. परत मिळणाऱ्या रकमेतील हिस्सा मागणाऱ्याकडे जाऊ नये.

२. संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच ठेवावा. सल्लागाराचा दिल्यास विभागाची नोटीस आपणास कळतच नाही.

३. प्रत्येक वजावटीचे कारण विचारावे. ज्याची पावती आपल्याजवळ नाही, ती वजावट घेऊ देऊ नये.

४. विवरणपत्र, पोचपावती व हिशेबाचा कागद यांच्या प्रती घ्याव्यात.

५. भरल्यापासून ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी पुरी करावी. त्यावाचून विवरणपत्र भरलेले धरले जात नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

कोणताही मार्ग धरला तरी आधार कागदांचाच लागतो. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आडत्याची पट्टी, बियाणे-खतांच्या पावत्या व मजुरीची वही एका पिशवीत वर्षभर जपून ठेवण्याची सवय शेतकऱ्यांस लावावी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ आला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या क्रमांकांवर विसंबून सल्ला देऊ नये. दर व मुदत दरवर्षी विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच सांगावी. साधे उत्पन्न असलेल्यास स्वतः भरण्याचा धीर द्यावा आणि जमीन विकणाऱ्यास, शक्य तर खरेदीखत होण्यापूर्वीच, सल्लागाराकडे पाठवावे. खरेदीखतावर सही झाल्यानंतर पुष्कळ वाटा बंद झालेल्या असतात.