बुडबुड्यांची भाषा

काशीतील मुन्शी घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी 19व्या शतकाच्या आरंभी हा घाट बांधविला. त्याला लागूनच अहल्याबाईंचा घाट आहे, आणि तेथून दशाश्वमेध काही पावलांवर. कालांतराने ही वास्तू दरभंग्याच्या राजघराण्याकडे गेली, पण घाटाचे नाव मुनशींचेच राहिले. यात्रेकरूला या घाटाच्या पायऱ्या दिसतात त्या पाण्याच्या कडेपर्यंत. त्या पाण्याखालीही उतरत गेलेल्या असतात, हे पुष्कळांना पाय घसरल्यावरच उमगते. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी 71.26 मीटर मानली जाते. 1978 सालच्या पुरात ती 73.90 मीटरपर्यंत चढली होती. अशा नदीच्या काठी बुडणाऱ्याला शोधण्याची विद्या निर्माण झाली नसती, तरच नवल.

ही विद्या परंपरेने मल्लाह आणि निषाद समाजातील गोताखोरांकडे आहे. छाती भरून एक दम घ्यायचा, तळाशी जायचे, हातांनी चाचपडायचे आणि दम संपण्यापूर्वी वर यायचे, ही त्यांची रीत. आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 11वी बटालियनही वाराणसीतच असते, आणि पाठीवर हवेचे नळकांडे बांधून उतरणारे पाणबुडेही या कामी येतात. हे नळकांडे आणि माणसाचे तोंड यांच्यामध्ये जे लहानसे यंत्र असते, त्याला रेग्युलेटर म्हणतात. आपण त्याला श्वासनियामक म्हणू. तो कसा निवडावा, आणि त्यातून सुटणाऱ्या बुडबुड्यांचे काय करावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न पाण्याखालच्या माणसाच्या प्राणाशी निगडित आहे.

प्रथम या यंत्राची गरज पाहू. पाण्यात दर 10 मीटर खाली गेल्यावर अंगावरचा दाब सुमारे एका वातावरणाएवढा वाढतो. वरून एखादी लांब नळी तोंडात धरून खाली बसलेल्या माणसाला दोन हातांवरही नीट श्वास घेता येत नाही, कारण पाणी त्याची छाती दाबत असते आणि नळीतील हवा मात्र वरच्या दाबाचीच असते. म्हणून माणूस ज्या खोलीवर असेल, नेमक्या त्याच दाबाची हवा त्याला मिळाली पाहिजे. नळकांड्यात ती सुमारे 200 पट दाबून भरलेली असते. तशीच तोंडात सोडली तर फुप्फुसे फाटतील.

श्वासनियामक हे काम दोन पायऱ्यांनी करतो. नळकांड्याच्या तोंडाशी बसविलेला पहिला भाग हवेचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा वातावरणे अधिक, इतपत उतरवितो. तोंडाशी असलेल्या दुसऱ्या भागात रबराचा एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस हवा. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत झुकतो, एक तरफ दाबली जाते आणि हवा येते. ओढणे थांबले की हवाही थांबते. उच्छ्वासाची हवा खालच्या एकेरी झडपेतून बाहेर पडते. हेच ते बुडबुडे.

मागणीप्रमाणे हवा देण्याची ही कल्पना 19व्या शतकात रुक्वेरोल आणि देनेरूझ या फ्रेंच गृहस्थांना सुचली होती. तिला आजचे सुटसुटीत रूप आले ते 1943 साली, झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांच्या हातून. त्यांच्या यंत्रात मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन जाड नळ्या असत आणि उच्छ्वास पुन्हा पाठीमागे नेऊन सोडला जाई. त्यामागे कारण होते. उच्छ्वासाची झडप पडद्यापेक्षा फार वर असली, तर तेथे पाण्याचा दाब कमी पडतो आणि हवा आपोआप वाहून जाऊ लागते. पडदा पाठीवर, म्हणून झडपही पाठीवर! त्यामुळे बुडबुडे डोक्यामागून वर जात आणि समोरची दृष्टी मोकळी राही. 1952 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी पडदा आणि झडप दोन्ही तोंडाशी आणली. एका बारीक नळीवर काम भागू लागले, श्वास घेणे सोपे झाले, आणि हीच रीत जगभर रूढ झाली. पण त्याबरोबर बुडबुडेही गालांवरून आणि कानांवरून खळखळत वर जाऊ लागले.

या खळखळाटाचा जाच होतो, हे खरे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हौसेने उतरणाऱ्यास मासे बुजलेले दिसतात. छायाचित्र घेणाऱ्याच्या चौकटीत फेस येतो. बुडालेल्या जहाजात शिरले तर छताचा गंज आणि गाळ बुडबुड्यांच्या धक्क्याने खाली झडतो. काही श्वासनियामकांत झडपेखालचे पसरट तोंड रुंद केलेले असते. त्याने बुडबुडे गालांपासून दूर पडतात. पण यंत्र थोडे अवजड होते आणि प्रवाहात जबड्याला ओढ लागते. याहून सोपा उपाय म्हणजे शांत व दीर्घ उच्छ्वास. प्रवाह असल्यास त्याच्याकडे तोंड करावे, म्हणजे बुडबुडे आपसूक मागे जातात. बुडबुडे नकोत म्हणून श्वास रोखून धरणे मात्र कदापि करू नये. 10 मीटरवर भरलेली छाती न सोडता वर आल्यास आतील हवा दुप्पट होऊ पाहते, आणि तेवढी जागा फुप्फुसांत नसते.

उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारी, जवळजवळ बुडबुडेरहित अशी साधनेही आहेत. पण त्यांतील प्राणवायूचे प्रमाण सतत सांभाळावे लागते; शुद्ध प्राणवायू तर सहा-सात मीटरांच्या खाली विषासारखा ठरतो. ते काम विशेष शिक्षण घेतलेल्यांचे होय.

आता निवडीकडे वळू. दुकानात प्रथम सांगितले जाते ते हे, की अमुक श्वासनियामक बर्फाळ पाण्यातही गोठत नाही. हा गुण 10 अंशांखालच्या पाण्यात अमोल आहे. कोकणच्या समुद्रात त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. तेथे प्रश्न खाऱ्या पाण्याचा. प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याने धुणे, नियमित तपासणी, आणि सुटे भाग व जाणता कारागीर जवळपास मिळणे, हे तेथील खरे निकष. नळकांडे रिकामे होत आले तरी श्वास जड होऊ नये अशी संतुलित रचना असेल तर उत्तम.

गंगेत प्रश्न निराळाच असतो. तेथे वाळू आणि गाळ आहे. म्हणून पहिल्या भागात पाणी शिरू न देणारी बंदिस्त रचना हवी. दुसरे म्हणजे शहराच्या सांडपाण्याचा अंश असलेले हे पाणी. भाविक ते तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, त्याच्या श्रद्धेला येथे कोणी हात लावीत नाही; पण तासन्‌तास तळाशी काम करणाऱ्याच्या तोंडात ते जाऊ नये, हे पाहणे त्याला पाठविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. साध्या श्वासनियामकाचे मुखपट्ट दातांत धरावे लागते आणि ओठ उघडे राहतात. शिवाय उच्छ्वासाची झडप मिटताना थेंब-अर्धा थेंब पाणी आत येते. म्हणून दूषित पाण्यासाठी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, आणि पाणी अतिशय दूषित असल्यास एकामागे एक दोन उच्छ्वास-झडपा असलेले शिरस्त्राण वापरतात. एकीतून झिरपलेले पाणी दुसरी अडविते. येथे बुडबुड्यांची वाट हीच रोगाची वाट होऊ शकते, आणि ती राखणे हाच निवडीचा मुख्य निकष ठरतो.

आणि अखेरची गोष्ट. हौशी माणसाला नकोसे वाटणारे हे बुडबुडे नावेतील सोबत्यासाठी मोलाचे असतात. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही. खालचा माणूस जिवंत आहे, शांत आहे की घाबरला आहे, हे सांगणारी दोनच साधने उरतात : हातातील दोर आणि पाण्यावर फुटणारे बुडबुडे. ठरावीक अंतराने येणारे झुबके म्हणजे काम ठीक चालले आहे. ते घाईघाईने येऊ लागले तर श्वास फुलला आहे; अखंड उकळी फुटली तर यंत्रातून हवा वाहते आहे; आणि बुडबुडे थांबले तर क्षणाचाही विलंब नको. वाहत्या नदीत आणखी एक भान ठेवावे लागते. बुडबुडा सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगाने वर येतो असे धरले, तर 6 मीटरांवरून यायला त्याला 20 सेकंद लागतील. तेवढ्यात सेकंदाला अर्ध्या मीटरचा प्रवाह त्याला 10 मीटर खाली वाहून नेईल. म्हणजे बुडबुडे जेथे फुटतात तेथे माणूस नसतो. तो वरच्या अंगाला असतो. मदतीची उडी तेथे पडली पाहिजे.

दमावर बुडणारा गोताखोर खालून अशी खूण पाठवू शकत नाही. त्याच्यासाठी काठावरच्यांना श्वास मोजत थांबावे लागते. म्हणून ज्याला यंत्र द्यायचे, त्याला ते पाणी पाहून द्यावे, शिकवून द्यावे, आणि वर बुडबुडे वाचणारा एक माणूस बसवून द्यावे. आपण आयुष्याला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा देतो ती क्षणभंगुरता सांगण्यासाठी. घाटाखाली उतरलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तोच बुडबुडा आयुष्य चालू असल्याची ग्वाही देत असतो.