केपच्या कंदांना थंडी चालते. गोठणे चालत नाही

सप्टेंबर उजाडला की ब्रिटनमधील बागा हळूहळू विश्रांतीकडे झुकू लागतात. नेमक्या याच दिवसांत तेथील काचगृहांमध्ये उन्हाळाभर कोरड्या ठेवलेल्या काही कुंड्यांना पहिले पाणी दिले जाते. नेरिन, लॅकेनेलिया, फ्रीझिया, इक्सिया, स्पॅरॅक्सिस, बॅबियाना अशी त्यांतील कंदांची नावे असून ते मूळचे दक्षिण आफ्रिकेतील आहेत. बागकामाच्या पुस्तकांत त्यांची गणना नाजूक वनस्पतींमध्ये होते. त्यामुळे त्यांना भरपूर ऊब लागत असावी, असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्यांना थंडी हवी असते. केवळ पारा शून्याखाली जाता कामा नये.

याचे कारण त्यांच्या मायभूमीच्या हवामानात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, केप टाउनच्या परिसरात, पाऊस हिवाळ्यात पडतो. मे ते ऑगस्ट हे तेथील ओलाव्याचे महिने, तर उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. पहिल्या पावसाबरोबर कंदांना पाने फुटतात, हिवाळ्यात ती वाढतात, वसंतात बहुतेकांना फुले येतात आणि उन्हाळ्यापूर्वी पाने सुकून कंद जमिनीखाली सुप्तावस्थेत जातो. जुलैमध्ये केप टाउनच्या रात्रीचे सरासरी तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तेथील सखल भागात पाणी गोठण्याचे प्रसंग मात्र विरळच.

उत्तर गोलार्धात ऋतू उलटे असल्याने या कंदांची वाढ ऑक्टोबर ते एप्रिल या काळात होते. म्हणजेच पाने रसाने भरलेली असतानाच तेथे कडाक्याची थंडी पडते. पेशींमधील पाणी गोठले की पाने काळवंडून लोळागोळा होतात. जमिनीत खोलवर असलेल्या कंदाला मातीचे संरक्षण मिळते. कुंडीतील मातीला मात्र चहूबाजूंनी गारठा लागतो आणि कंदही गोठून कुजतो. एका रात्रीत अनेक वर्षांची जोपासना वाया जाऊ शकते.

म्हणून काचगृहात किमान तापमान साधारण ५ अंश राखले जाते. यापेक्षा अधिक ऊब देणे खर्चिक तर असतेच, शिवाय अपायकारकही ठरते. उत्तरेकडील हिवाळ्यात सूर्यप्रकाश अपुरा असतो. अशा वेळी ऊब वाढविल्यास पाने लांबट व लेचीपेची होतात आणि फुलांचे दांडे कोलमडतात. काचा स्वच्छ ठेवणे आणि कुंड्या अधिकाधिक उजेडात मांडणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

दुसरा शत्रू कोंदट हवा. रॉकेलच्या शेगडीतून उष्णतेबरोबर पाण्याची वाफही बाहेर पडते आणि ओलसर, स्थिर हवेत राखाडी बुरशी पसरते. तापमान-नियंत्रक असलेला विजेचा पंखा-हीटर हवा खेळती ठेवतो, म्हणून तो अधिक सोयीचा. दिवसा ऊन असेल तेव्हा झडपा उघडल्या जातात. कुंडीतील मिश्रणात जाडसर वाळू किंवा बारीक खडी भरपूर असावी लागते, जेणेकरून पाणी साचणार नाही. वसंताच्या अखेरीस पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत पूर्ण थांबवायचे आणि पुढील शरद ऋतूपर्यंत कुंडी कोरडी ठेवायची.

हे वेळापत्रक दक्षिण आफ्रिकेतील सर्वच कंदांना लागू होत नाही. देशाच्या पूर्व भागात पाऊस उन्हाळ्यात पडतो. तेथील युकोमिस उन्हाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात कोरडे राहते. नेरिनच्या एकाच कुळात ही दोन्ही वेळापत्रके आढळतात. टेबल माउंटनवरील नेरिन सार्निएन्सिस हिवाळ्यात पाने धारण करते, म्हणून तिला काचगृह लागते. पूर्वेकडील नेरिन बाउडेनाय दक्षिण इंग्लंडमध्ये उघड्यावरही तग धरते. कंद कोणत्या पावसाचा आहे, हे जाणून घेणे ही लागवडीची पहिली पायरी होय.

भारतीय वाचकांना या कंदांपैकी सर्वाधिक परिचित आहे तो ग्लॅडिओलस. बाजारात दिसणारे त्याचे मोठ्या फुलांचे संकर प्रामुख्याने उन्हाळी पावसाच्या प्रदेशांतील जातींपासून तयार झाले आहेत. हिवाळी पावसाच्या कंदांपुढे महाराष्ट्रात गोठण्याचा नव्हे, तर पावसाळ्याचा प्रश्न उभा राहतो. विश्रांतीच्या काळात उबदार ओलावा मिळाल्यास ते कुजतात. येथे त्यांना मान्सूनमध्ये कोरड्या आडोशाची गरज असते. हिमालयाच्या थंड उतारांवर मात्र गोठणाऱ्या रात्रींपासून बचाव करावा लागतो.

या खटाटोपाला छंदापलीकडेही मोल आहे. क्यू येथील उद्यानाने १७७२ मध्ये फ्रान्सिस मॅसन यांना वनस्पती गोळा करण्यासाठी केपला पाठविले. त्यानंतर तेथील आणखी फुले युरोपात रुजली. केपच्या वनस्पती-प्रदेशात सुमारे ९,००० जाती असून त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. युनेस्कोने २००४ मध्ये तेथील संरक्षित क्षेत्रांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तरीही सखल भागातील अधिवास गव्हाची शेते, द्राक्षमळे आणि वाढत्या शहरांखाली मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला आहे. टुलबाख परिसरातील, हिरवट-निळ्या फुलांची इक्सिया व्हिरिडिफ्लोरा आज संकटग्रस्त आहे.

म्हणूनच रानातून उपटलेले कंद न घेता लागवडीतून मिळालेले बी किंवा कंद घेणे इष्ट. परदेशातून ते मागवताना भारताच्या वनस्पती विलगीकरण नियमांनुसार आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. नेरिनचे मांसल बी साठवून ठेवता येत नाही, ते लगेच पेरावे लागते. फुलासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. ज्या फुलांचे मूळ घर आक्रसत आहे, त्यांना काचेआड मिळणारा हा आसरा त्यामुळे अधिकच मोलाचा ठरतो.