लेथची ओळख – भाग ८ : स्वस्त ट्रू चक किती ट्रू?

गेल्या आठवड्यात डायल लावायला शिकलो. आज तोच डायल स्वस्तातल्या नव्या तीन जॉच्या ट्रू चकवर लावू. ग्राइंड केलेली गोल पीन धरा आणि चक हाताने फिरवा. काटा पाच-सात घरं, म्हणजे ०.०५ ते ०.०७ मिमी हलला, तर लगेच दुकानदाराच्या नावाने खडे फोडू नका. या किमतीत एवढा आउट चालायचाच. शिवाय पीनचा मध्य सरकलेला असतो तो या आकड्याच्या निम्माच.

कारण चकच्या पोटात आहे. तिथे सर्पिल आटे असलेली सपाट तबकडी असते, तिला स्क्रोल म्हणतात. चावी फिरवली की तिन्ही जॉ एकदम सरकतात ते तिच्यामुळे. पण सर्पिलाची वक्रता मध्याजवळ जास्त आणि कडेला कमी, तर जॉच्या दातांची मात्र कायम एकच. त्यामुळे दात पुरता बसत नाही, कुठेतरी टेकतो. म्हणूनच २० मिमीच्या पीनला दोन घरं दाखवणारा चक ५० मिमीला सहा दाखवू शकतो. महागड्या चकची रचनाही हीच, फक्त स्क्रोल कडक करून नीट ग्राइंड केलेला असतो.

आणि हा आउट नडतो तरी कधी? बाहेरचा व्यास, फेस, बोअर सगळं एकाच सेटिंगमध्ये काढलं, तर ते आपसात एका मध्यावरच येतं. जॉब सोडून उलटा धरला, की मग चक आपले गुण दाखवतो.

मला खरी भीती तोंडाशी फाकलेल्या जॉची वाटते. असे जॉ जॉबला मागेच धरतात. चकजवळ डायल छान दिसतो आणि कट घेतला की जॉब थरथरतो. पीन आवळून प्रत्येक जॉच्या तोंडाशी पातळ कागद सरकवून बघा. आत शिरला, तर तिथे पकड नाही. मग चकपासून ७५ मिमीवर रीडिंग घ्या. ते वाढलं, तर पीन तिरकी बसली आहे. अर्थात त्याआधी बॅकप्लेटमागे बुरा अडकलेला नाही ना, जॉ १-२-३ आपापल्या खाचेतच आहेत ना, हे बघितलेलं बरं. चावीच्या तिन्ही भोकांतून आळीपाळीने आवळून बघा. ज्या भोकातून आउट सगळ्यात कमी येतो, तिथे खूण करा आणि नेहमी तिथूनच आवळा.

फाकलेले जॉ चकवरच ग्राइंड करता येतात, पण ते कशावर तरी दाबून धरलेले असतानाच. मोकळ्या जॉवर ग्राइंडर लावला, तर त्यांची ढिलाई तशीच राहते आणि मेहनत वाया जाते.

नेमकेपणासाठी एकदाच पैसे घालायचे असतील, तर माझं मत महागड्या ट्रू चकला नाही, चार जॉच्या डॉग चकला. त्यातला प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकतो. स्वस्तातलाही डायल लावून एका घरात आणता येतो, आणि हात बसला की त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

(पुढील भागात : ईआर कॉलेट)