म्युकरचा उन्हाळा

2021च्या मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी रात्रीबेरात्री नातेवाईक उभे असायचे. हातात छोटी बाटली, बाटलीत नाकातून काढलेला हरभऱ्याएवढा तुकडा. "मॅडम, म्युकर आहे की नाही, एवढंच सांगा." कोरोनातून बरा होऊन घरी आलेला माणूस काही दिवसांतच पुन्हा अंथरुणाला खिळलेला असायचा. गाल बधिर, एक डोळा सुजलेला, वरचे दात हलायला लागलेले. काहींनी तर आधी दात काढूनही घेतला होता.

म्युकर हा बुरशीचा आजार नवा नव्हता. पाल्टाउफ या विकृतिशास्त्रज्ञाने 1885मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी मधुमेहींमधल्या म्युकरवर वर्षानुवर्षं लिहीत होते. देशातल्या 16 केंद्रांचा एक अभ्यास नंतर छापून आला, तेव्हा कळलं की 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्येच रुग्ण आदल्या वर्षीच्या दुपटीवर गेले होते. दुसऱ्या लाटेत अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा अतिवापर यांनी त्याला मोकळं रान मिळालं.

ही बुरशी नेहमीच्या रक्ततपासणीत सापडत नाही. बुरशीसाठी रक्ताच्या ज्या दोन चाचण्या वापरतात, गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन, त्यांत म्युकर दिसतच नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत, त्याचं आजही वाईट वाटतं. तुकडाच काढावा लागतो. काचेवर तो ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (केओएच) थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप. माणसाच्या पेशी विरघळत जातात, बुरशीचे धागे टिकतात. म्युकरचे धागे रुंद, फितीसारखे, मध्येच दुमडलेले. आडवे पडदे जवळजवळ नाहीत आणि फांदी काटकोनात फुटलेली. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, पडदे असलेले, फांदी तिरकी. हा फरक ओळखण्यावर जीव अवलंबून असतो, कारण अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नजर तयार व्हायला वर्षं लागतात.

एका संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून एक मुलगा वडिलांचा तुकडा घेऊन आला. बाटली उघडताच वास आला. फॉर्मॅलिन. त्यात बुरशी मरते, तिची वाढ करून पाहता येत नाही. काचेवर तुटके धागे दिसले, पण कुणाचे ते छातीठोकपणे सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा काढला, म्युकर निघालं. तोवर डोळा गेला होता. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

20 मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. म्युकरवर चालणाऱ्या अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधासाठी लोक शहरं पालथी घालत होते. वर्ध्यातल्या एका कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं, तेव्हा हायसं वाटलं. जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्ण आणि 4,300हून अधिक मृत्यू नोंदले गेले, सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात. त्यात काळी, पांढरी, पिवळी अशी रंगांची नावं पसरली आणि घबराट वाढली. मुळात म्युकर काळं नसतं. ते रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करतं, म्हणून मांस मरून काळं पडतं. काळं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 घातक बुरशींची यादी केली, त्यात म्युकरचा गट आहे. 2025मध्ये याच संघटनेने बुरशीच्या चाचण्या आणि औषधं अपुरी असल्याचं सांगितलं. आमच्या भागात आजही केओएच स्लाइड नीट वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

साखर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी आलं किंवा वरचे दात हलू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. आणि डॉक्टरमित्रांनो, तुकडा काढलात की दोन बाटल्या पाठवा: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनची, बुरशी तपासणाऱ्या आमच्यासाठी सलाइनची.