‘सुधारणा झाली’ असे लिहिण्यापूर्वी



आपल्या रुग्णालयाचा तिमाही अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मी लिहिले होते, ‘ड्रेसिंगची पद्धत बदलल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचे प्रमाण कमी झाले.’ ते वाचून आमच्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, नदीला पूर होता तेव्हा पलीकडच्या पाड्यांवरचे लोक टाके काढायला तरी आले होते का?” मी रजिस्टर उघडले. बरेच जण आलेच नव्हते. त्यांच्या जखमा मी न पाहताच बऱ्या धरल्या होत्या.

त्यानंतर ‘स्क्वायर’ ही मार्गदर्शक तत्त्वे मी नीट वाचली. आरोग्यसेवेचा दर्जा सुधारण्यासाठी केलेले काम कसे लिहावे, हे त्यांत सांगितले आहे. ती २००८ साली प्रसिद्ध झाली आणि २०१५ मध्ये सुधारून पुन्हा आली. मुद्दे १८ आहेत, पण सगळे चार प्रश्नांभोवती फिरतात: काम का हाती घेतले, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय?

पहिले दोन प्रश्न आपल्याला सोपे जातात. तिसऱ्यापाशी माझ्यासारखे अडखळतात, कारण तिथे हाती न आलेली माहिती आणि अनपेक्षित परिणामही लिहावे लागतात. देणगीदारांना हे आवडेल का, अशी धास्ती मलाही वाटली, हे कबूल करतो.

याशिवाय ‘काम कोणत्या परिस्थितीत झाले’ तेही लिहा, असा आग्रह आहे. तो का, हे मिशिगनच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेतील या राज्यात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी कटाक्षाने पाळायचे ठरले: हात धुणे, गाऊन-मास्क घालून रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १०३ विभागांची आकडेवारी मांडली. नळीच्या दर १००० दिवसांमागे रक्तातील जंतुसंसर्गाचा मध्यक २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला.

बऱ्याच जणांनी त्यातून फक्त यादी उचलली. पुढे इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात असाच कार्यक्रम झाला. तिथे संसर्ग घटला खरा. पण ज्या रुग्णालयांत कार्यक्रम अजून सुरूच झाला नव्हता, तिथेही तो उतरतच होता. मग श्रेय कार्यक्रमाला किती द्यायचे? मिशिगनमध्ये यादीच्या जोडीला बरेच काही होते. विभाग एकमेकांशी जोडलेले होते, स्वतःचे आकडे नियमित पाहत होते आणि नियम मोडला तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार नर्सना होता. ते सारे नुसत्या यादीत कसे दिसणार?

आपल्याकडची परिस्थिती म्हणजे पूर, भातकापणी, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे. यापुढे हे अहवालात येईल. या अंकात ‘पुन्हा न आलेले’ असा नवा रकाना आहे. टाके काढण्याच्या तारखा आता पाड्यांवरच्या आशाताईंनाही कळवतो; त्या घरी जाऊन जखम पाहून येतात. चिघळलेल्या जखमांचा या वेळचा आकडा मोठा आहे. तो गेल्या वर्षीच्या आकड्याशी कृपया ताडून पाहू नका. तेव्हा आम्ही सर्वांना मोजलेच नव्हते.