शेवटच्या नळातले क्लोरीन

पावसाळ्यात मुळा धरण भरत आले की राहुरीत रोज एकच चौकशी असते: आज किती टीएमसी झाले? बारागाव नांदूरच्या या धरणाची, म्हणजे ज्ञानेश्वरसागराची, साठवण क्षमता २६ टीएमसी. जायकवाडीला किती सोडायचे, कालव्याला आवर्तन कधी मिळणार, नगरला किती जाणार, यावर पारापासून विधानसभेपर्यंत वाद होतात. राहुरी शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधारही हेच धरण. पण धरण काठोकाठ भरलेले असतानाही गल्लीत गॅस्ट्रो किंवा कावीळ येऊ शकते. धरणापासून हंड्यापर्यंतच्या प्रवासात पाणी बिघडण्याची भीती सर्वांत जास्त असते ती शेवटच्या शे-दोनशे फुटांत.

तालुक्याच्या गावात नळाला चोवीस तास पाणी नसते. ठरावीक वेळेला तासभर येते, मग बंद. पाणी वाहत असते तोवर पाइपमध्ये दाब असतो. कुठे फट असली तर पाणी बाहेर पडते, बाहेरची घाण आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की हे उलटते. पाइपमधले पाणी सखल भागाकडे उतरते, मागे पोकळी तयार होते आणि त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. आता जुन्या वस्तीत घरात येणारे नळजोड कुठून जातात ते पाहावे. बऱ्याच ठिकाणी ते गटारातूनच गेलेले असतात. गंजलेला सांधा, शेजारी तुंबलेले गटार आणि रात्रभर रिकामा पाइप एवढे जमून आले की सकाळचे पहिले पाणी गढूळ किंवा वास मारणारे येते. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली की हे ओढणे आणखी वाढते. पाणी कमी येते म्हणून मोटार लावणारा माणूस स्वतःच्याच घरात गटार ओढत असतो, आणि शेजाऱ्याच्याही. नळाला तोटी नसेल आणि त्याचे तोंड खड्ड्यात बुडालेले असेल, तर फट शोधण्याचीही गरज उरत नाही.

यावरचा पहारेकरी म्हणजे क्लोरीन. टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते किंवा क्लोरीन वायू सोडला जातो. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम पावडर पुरते. पोते उघडे राहिले, ओलाव्यात किंवा उन्हात पडले, तर त्यातले क्लोरीन उडून जाते आणि उरते नुसती पांढरी भुकटी. हिशेबाच्या वहीत ती टाकल्याची नोंद होते, जंतूंवर मात्र तिचा परिणाम होत नाही. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी सोडायचे नसते, कारण क्लोरीनला काम करायला वेळ लागतो.

जंतू आणि घाण मारण्यात क्लोरीनचा काही भाग खर्च होतो. उरतो तो भाग पाण्याबरोबर नळापर्यंत जातो आणि वाटेत घाण शिरली तर तिचा सामना करतो. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) ग्राहकाच्या नळाला हे उरलेले क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओटी टेस्टचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो आणि तो तक्त्याशी जुळवून पाहायचा. सगळे काम एक-दोन मिनिटांचे. टाकीजवळच्या नळाला छान पिवळा रंग आला आणि वस्तीच्या शेवटच्या घरी पाणी पांढरेच राहिले, तर पावडर कमी पडली आहे किंवा मधे कुठेतरी घाण शिरून तिने क्लोरीन खाल्ले आहे. म्हणून चाचणी शेवटच्या नळाला करायची असते. टाकीखालच्या नळावर दहा चाचण्या केल्या तरी त्या घराची खबर लागत नाही.

विषाणूंसाठी क्लोरीन जास्त का लागते, याचा धडा दिल्लीने दिला. १९५५च्या नोव्हेंबरमध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेच्या पात्रात उलटे फिरून वजिराबादच्या उपशापर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी ते ओळखले, क्लोरीन वाढवले. टायफॉइड आणि हगवण फारशी वाढली नाही, म्हणजे जिवाणू मेले. पण डिसेंबर-जानेवारीत शहरात कावीळ पसरली आणि सुमारे २९ हजार लोकांचे डोळे पिवळे झाले. त्या वेळी या विषाणूला नावही नव्हते. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे कित्येक वर्षांनी कळले.

दिल्ली मोठी होती, यमुना मोठी होती, असे म्हणून सुटका होत नाही. २०१२मध्ये इचलकरंजीत याच हिपॅटायटिस ईची साथ आली. तेव्हा तिथे महापालिका नव्हती, नगरपालिकाच होती. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले.

बहुतेक धडधाकट माणसे या काविळीतून विश्रांतीने बरी होतात. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. गावात कावीळ आहे आणि घरात सात-आठ महिन्यांची गरोदर बाई आहे, अशा वेळी झाडपाला, नाकात थेंब घालणे, मंत्र यात दिवस घालवणे जिवावर बेतते. तिला उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, अतिझोप किंवा बडबड दिसली की त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या आजाराचा खरा डाव त्याच्या सवडीत आहे. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात. म्हणजे आज दवाखान्यात आलेल्या रुग्णाने दूषित पाणी प्यायले ते महिना-दीड महिन्यापूर्वी. तोवर फुटलेली लाइन जोडून झालेली असते, रस्ता बुजलेला असतो, आज घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ निघतो आणि ‘पाण्यात काही दोष नाही’ असा कागदही मिळतो. तो कागद खोटा नसतो. तो आजच्या पाण्याचा असतो, एवढेच.

मग महिन्यापूर्वी काय झाले ते कुठे सापडणार? नगरपरिषदेच्या तक्रार वहीत. ‘अमुक गल्लीत चार दिवस वासाचे पाणी येत आहे’ ही एक ओळ, तारखेसह, रोगाचा माग काढणाऱ्याला रक्ताच्या अहवालाइतकीच उपयोगी पडते. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवले. त्यांच्याकडे मुख्यतः पत्ते होते. पत्ते आपल्याकडेही आहेत, फक्त वेगवेगळ्या वह्यांत. पाण्याची तक्रार पाणीपुरवठा विभागात, तुंबलेल्या गटाराची आरोग्य विभागात, जुलाब-काविळीचे रुग्ण ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण वहीत आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त खासगी दवाखान्यांत. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात रुग्णांचे आकडे वर जातात. पण ते जिल्ह्याकडे जाण्याआधी गावातल्या पाणीपुरवठा अभियंत्याच्या टेबलावर गेले, तर एकाच गल्लीतले तीन जुलाबाचे रुग्ण आणि त्याच गल्लीतली एक जुनी तक्रार शेजारी शेजारी दिसतील. याला निधी लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसावे लागते.

रहिवाशांच्या तक्रारी बहुतेक तोंडी असतात. नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगितले, नगरसेवकाला फोन केला, काम झाले, विषय संपला. राज्यातल्या बहुतांश नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते, तेव्हा तर सांगायला वॉर्डातला माणूसही नव्हता. तोंडी तक्रारीने पाइप जोडला जाईल, पण तारीख राहणार नाही. वासाचे पाणी आले की लेखी द्यावे, गल्लीचे नाव, तारीख, वेळ लिहावी आणि पोच घ्यावी. ‘पाणी किती वेळ येते’ एवढेच न विचारता ‘आमच्या टोकाच्या नळाला गेल्या महिन्यात क्लोरीन किती आढळले’ हेही विचारावे. नोंद नगरपरिषदेकडे असली पाहिजे, आणि माहिती अधिकारात ती मागता येते. शाळेत किंवा महिला बचत गटाकडे ओटी टेस्टची एक बाटली असली तर विचारण्याचीही गरज कमी होईल.

घरात काय करावे? नळ आल्यावर पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, ते सांडायला, धुवायला वापरावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. साथ असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे किंवा मेडिक्लोर बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास ठेवावे. विकतच्या थंड जारवर फार विसंबू नये. आरओ यंत्रातून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार किंवा माठ अस्वच्छ असेल तर त्यात शिरलेल्या जंतूंना अडवणारे कोणीच नसते. माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी काढावे. आणि नळाला लावलेली मोटार काढून ठेवावी, निदान रस्ता खोदलेला असेल तेवढे दिवस तरी.